लॉग म्हणतो, बदल मीच केला! (होमस्टेची वेबसाइट, युपीआय आणि एक प्लगिन)

कर्ली_काठ · २८ डिसेंबर, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे पाककृती वाचायला येतो, आज गाऱ्हाणं घेऊन आलोय.

देवबागला आमचं चार खोल्यांचं होमस्टे आहे. एका अंगाला कर्लीची खाडी, दुसऱ्या अंगाला दर्या. तीन वर्षांपूर्वी वर्डप्रेसवर (साइट बनवायचं तयार सॉफ्टवेअर) साइट केली. बुकिंगचं एक प्लगिन, म्हणजे साइटला जोडायचा तयार तुकडा, आहे त्यात: पाहुणा तारीख निवडतो, खाली आमचा युपीआय आयडी आणि क्यूआर दिसतो, तो आगाऊ रक्कम भरतो आणि आम्हाला मेल येतो. नाताळ आणि थर्टी फर्स्टचे दिवस म्हणजे आमचा वर्षाचा निम्मा धंदा.

२४ तारखेला संध्याकाळी पुण्याहून सात जणांचं बिऱ्हाड गाडीतून उतरलं. "दोन खोल्यांचे आठ हजार भरलेत," म्हणाले. माझ्या खात्यात छदामही नाही. त्यांनी फोनवर दाखवलं, पैसे खरंच गेले होते, पण भलत्याच आयडीवर. मी माझी साइट उघडून बघतो तर तिथेही तोच भलता आयडी! बारा दिवस तो तिथे होता आणि मला पत्ता नाही. मेल येत होते, मी वहीत नावं लिहीत होतो, खातं बघायचं कोणाला सुचतंय सीझनमध्ये. एकूण पाच पार्ट्या, साडेएकतीस हजार. पाहुण्यांना दारातून परत पाठवता येत नाही, सगळ्यांना खोल्या दिल्या, जेवूखाऊ घातलं.

आता मुख्य दुखणं. साइटवर कोणी काय बदललं याची नोंद (लॉग) ठेवणारं एक प्लगिन आहे. त्यात लिहिलंय: १२ डिसेंबर, दुपारी ३:१२, युपीआय सेटिंग बदललं, वापरकर्ता 'ॲडमिन', आणि आयपी (इंटरनेटवरचा पत्ता) आमच्याच घरातल्या वायफायचा. दुपारी तीनला मी झोपलेला असतो. ॲडमिनचा पासवर्ड दोघांकडेच, माझ्याकडे आणि ज्याने साइट करून दिली त्या आमच्या वाडीतल्या मुलाकडे. त्याच्या घरी रेंज येत नाही म्हणून तो दुपारी आमच्या पडवीत येऊन लॅपटॉप उघडून बसतो. १२ तारखेलाही बसला होता, हे घरात सगळ्यांना आठवतं.

मी २६ला त्याला बोलावून चार शब्द सुनावले. तो काहीच बोलला नाही. समोर ठेवलेला चहा तसाच टाकून गेला. तेव्हापासून मलाच झोप नाही. पोर तसं नाही हो. पण लॉग खोटं कसं बोलेल?

---

रसघावणे · २८ डिसेंबर, रात्री १०:५२

काका, आधी १९३० फिरवलात का? सायबर फसवणुकीची हेल्पलाइन. जितक्या लवकर कळवाल तितकी समोरच्या खात्यात पैसे गोठवण्याची शक्यता जास्त. बाकीची चर्चा नंतर.

---

कर्ली_काठ · २८ डिसेंबर, रात्री ११:०५

२५ला सकाळीच केला. पोर्टलवर तक्रारही टाकली. पाहुण्यांपैकी तिघांनी आपापल्या बँकेत कळवलंय. बघू.

---

पोफळी · २९ डिसेंबर, सकाळी ७:१८

आमचं गुहागरला आहे, दोनच खोल्या. तुमची पोस्ट वाचून पहाटे उठून पहिल्यांदा स्वतःची साइट तपासली, मग दात घासले.

एक विचारते. युपीआयने पैसे पाठवताना समोरच्याचं बँकेतलं नाव स्क्रीनवर येतं. पाच पार्ट्यांपैकी कोणालाच वेगळं वाटलं नाही?

---

कर्ली_काठ · २९ डिसेंबर, सकाळी ७:४०

विचारलं मी. एकजण म्हणाले, "आम्हाला वाटलं तुमचा मॅनेजर असेल." मॅनेजर! इथे मासे निवडण्यापासून चादरी धुण्यापर्यंत सगळं आमच्या सौ. करतात.

---

अर्धविराम · २९ डिसेंबर, सकाळी ९:३०

कर्ली_काठ, मी रत्नागिरीत बसून वेबचंच काम करतो. मुलावर आणखी काही बोलण्याआधी कृपया चार गोष्टी बघा.

वर्डप्रेसच्या जनरल सेटिंग्जमध्ये टाइमझोन काय निवडलाय? कोणी हात लावला नसेल तर तो यूटीसी असतो, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे.

होस्टिंगच्या पॅनेलमध्ये 'रॉ ॲक्सेस लॉग' मिळतो का? तुमचं नोंदीचं प्लगिन फक्त 'कोणी' ते सांगतं. सर्व्हरचा लॉग विनंती कुठल्या पानावरून आली तेही बहुतेक वेळा सांगतो.

त्याच वेळची ओळ शोधून तिचा प्रकार बघा, 'गेट' आहे (माहिती पत्त्यातच लिहून पाठवलेली) की 'पोस्ट' (फॉर्ममधून, पत्त्यात न दिसता).

आणि शेवटचं: त्या दिवशी तुम्ही कुठल्या अनोळखी लिंकवर टिचकी मारली होती का? लाजू नका, आम्ही सगळेच मारतो.

---

कर्ली_काठ · २९ डिसेंबर, दुपारी १:५५

अर्धविराम, हात थरथरतायत टाइप करताना.

टाइमझोन यूटीसीच आहे. म्हणजे ३:१२ नव्हे, रात्री ८:४२. तेव्हा पडवीत कोणी नसतं, मी एकटा जेवणाआधी मेल बघत असतो.

रॉ लॉग मिळाला. साधारणपणे होस्टिंगवाले जुने लॉग पुसतात म्हणे, पण आमच्या पॅनेलमध्ये 'महिनाभराचे साठवा' अशी खूण केलेली होती. मी केलेली नाही, मला ते पान कुठे आहे हेही माहीत नव्हतं. म्हणजे कोणी केली असेल ते तुम्हीच ओळखा.

ओळ इंग्रजीत आहे, मराठीत उतरवतो. १२ डिसेंबर, १५:१२, पुढे अधिक चार शून्यं. मग 'गेट'. मग माझ्या साइटच्या ॲडमिन पानाचा पत्ता, त्याला जोडून प्लगिनचं नाव, 'सेव्ह बरोबर १', 'युपीआय बरोबर' आणि पुढे चोराचा तो आयडी, अख्खाच्या अख्खा! शेवटी 'आलेले ठिकाण' म्हणून एका साइटचं नाव, जे मी जन्मात ऐकलेलं नाही.

आणि लिंक. आठवलं. त्या संध्याकाळी साइटच्या चौकशी फॉर्ममधून एक मेसेज आला होता: आम्ही १४ जण आहोत, २९ ते ३१ तिन्ही दिवस हवेत, सगळ्यांची नावं आणि वयं या लिंकवर आहेत. १४ जण म्हटल्यावर मी उघडणार नाही तर काय? क्षणभर पांढरं पान आलं आणि लगेच माझ्याच साइटचं सेटिंगचं पान, वर हिरवी पट्टी, 'सेटिंग्ज सेव्ह झाली'. मला वाटलं चुकून दुसऱ्याच टॅबवर बोट पडलं. बंद केलं आणि जेवायला गेलो. बांगडे गार होत होते.

---

अर्धविराम · २९ डिसेंबर, दुपारी ३:२०

मग लॉग खोटं बोललेला नाही. बदल तुमच्याच ब्राउझरने, तुमच्याच घरातून, तुमच्याच लॉगिनवर केला. फक्त तो तुम्ही केला नाही. याला क्रॉस-साइट रिक्वेस्ट फोर्जरी म्हणतात, थोडक्यात सीएसआरएफ.

गावातलं वाण्याचं दुकान डोळ्यासमोर आणा. तुमचा नातू रोज तिथून सामान आणतो, वाणी त्याला ओळखतो, पैसे मागत नाही, वहीवर मांडतो. एक दिवस वाटेत कोणी अनोळखी माणूस नातवाच्या हातात चिठ्ठी देतो, "ही दुकानात दे रे बाळा." पोर देतं. चिठ्ठीत लिहिलंय, पाच किलो साखर या माणसाकडे पोचवा. वाणी बघतो, पोरगं तर आपल्याच गिऱ्हाइकाचं! साखर जाते आणि वहीत नाव तुमचं लागतं. पोरगं चोर नाही, वाणीही चोर नाही. वाण्याने पोराचा चेहरा ओळखला, पण चिठ्ठी घरातूनच निघालीय का, हे विचारलं नाही.

नातू म्हणजे ब्राउझर. त्याचा चेहरा म्हणजे लॉगिनची कुकी, लॉगिन झाल्यावर साइटने ब्राउझरकडे ठेवलेली ओळखीची खूण. ब्राउझर तुमच्या साइटकडे जाणाऱ्या विनंतीला ती कुकी आपणहून जोडतो, मग ती विनंती तुम्ही सुरू केलेली असो की दुसऱ्या साइटच्या पानाने. चोराला तुमचा पासवर्ड कळावा लागत नाही, त्याला तुमची कुकी दिसतही नाही. म्हणून पासवर्ड कितीही अवघड ठेवा, ओटीपी लावा, साइटला कुलपाचं चिन्ह असू द्या, या प्रकाराला त्याचा अडसर होत नाही. तुम्ही आधीच आत आहात, त्याने फक्त तुमचा हात धरून सही केली.

यावरचा उपाय वाण्याच्या भाषेत सांगायचा तर असा: वाण्याने रोज सकाळी तुमच्या घरी स्वतःचा शिक्का मारलेले कोरे कागद पाठवायचे, आणि चिठ्ठी त्याच कागदावर असेल तरच सामान द्यायचं. वाटेतल्या माणसाला तो कागद मिळणार कुठून? वर्डप्रेसमध्ये त्या शिक्क्याला नॉन्स म्हणतात. सेटिंगच्या फॉर्ममध्ये तो लपवून ठेवलेला असतो, आणि सेव्ह करताना तपासायचा असतो. दुसऱ्या साइटला तुमच्या साइटचं पान वाचता येत नाही, ब्राउझर ते वाचू देत नाही, त्यामुळे तिला शिक्का दिसत नाही. तुमच्या प्लगिनवाल्याने ही तपासणीच लिहिलेली दिसत नाही. प्लगिनचं नाव मला व्यनि करा. इथे जाहीर लिहू नका, दुरुस्ती येईपर्यंत ते बाकीच्यांच्या जिवावर बेतेल.

---

बागायतदार_देवगड · २९ डिसेंबर, संध्याकाळी ६:१०

माका ह्यातला निम्मा समाजला नाय, पण वाण्याची गजाल समाजली. आमचो पण आंब्याच्या पेट्यांचो साइट आसा. मार्चात सुरू होतलो. पण त्या चोराक कसा कळला की ह्यांच्याकडे तोच प्लगिन आसा? ह्यो काय अंतर्यामी आसा?

---

अर्धविराम · २९ डिसेंबर, संध्याकाळी ६:३५

अंतर्यामी कशाला? साइटचं पान उघडून 'सोर्स' बघा, प्रत्येक प्लगिन आपल्या फाइली कुठून आणतो ते तिथे नावानिशी लिहिलेलं असतं. एक यंत्र हजारो साइट्सवरून फिरवायचं, जिथे ते नाव दिसेल तिथल्या चौकशी फॉर्ममध्ये १४ पाहुण्यांची चिठ्ठी टाकायची. कर्ली_काठ यांच्यावर कोणाचा खास डोळा होता असं नाही. गळ टाकून बसलेला माणूस मासा ओळखीचा आहे का, हे बघत नाही.

---

संशयात्मा · २९ डिसेंबर, रात्री ९:०२

वाण्याची गोष्ट छान, पण ती २०१५ सालात खपली असती. क्रोमने फेब्रुवारी २०२० मध्ये ८० व्या आवृत्तीपासून नियम बदलला. ज्या कुकीवर सेमसाइट (परक्या साइटवरून आलेल्या विनंतीबरोबर ती पाठवायची का, ही सूचना) लिहिलेलं नाही ती 'लॅक्स' धरली जाते, म्हणजे दुसऱ्या साइटवरून आलेल्या विनंतीबरोबर ती जातच नाही. एप्रिलमध्ये करोनामुळे तो नियम थांबवला, जुलैत परत आणला. तेव्हापासून हे हल्ले संपल्यात जमा आहेत. काकांनी क्रोम वापरला असेल तर तुमचा सिद्धांत बाद. टाइमझोन काढून मुलाला मोकळं करण्याची घाई नको. रात्रीही माणूस वायफायच्या टप्प्यात उभा राहू शकतो.

---

कर्ली_काठ · २९ डिसेंबर, रात्री ९:१५

क्रोमच आहे. 😔

---

अर्धविराम · २९ डिसेंबर, रात्री १०:४८

संशयात्मा, मुद्दा रास्त आहे, निष्कर्ष नाही. म्हणूनच मी 'गेट' की 'पोस्ट' विचारलं होतं.

लॅक्सचा नियम असा आहे: दुसऱ्या साइटने लपवलेला फॉर्म 'पोस्ट' केला, किंवा चित्र, आयफ्रेम (पानात बसवलेलं दुसरं पान) वगैरेमधून गुपचूप विनंती काढली, तर कुकी जात नाही. पण माणूस लिंकवरून सरळ पानावर गेला, म्हणजे वरच्या पट्टीतला पत्ताच बदलला आणि विनंती 'गेट' असली, तर कुकी जाते. जायलाच हवी, नाहीतर मेलमधल्या लिंकवरून कुठल्याही साइटवर गेलात की दर वेळी लॉगिन करावं लागेल. 'पोस्ट'लाही एक फट आहे: सेमसाइट न लिहिलेली कुकी नुकतीच मिळालेली असेल तर क्रोम पहिली दोन मिनिटं सवलत देतो. आणि फायरफॉक्स-सफारीत ही सक्ती क्रोमसारखी नाही.

आता कर्ली_काठ यांची ओळ बघा. 'गेट' आहे, आणि सगळा मालमसाला पत्त्यातच आहे. पांढरं पान, मग थेट त्यांचंच सेटिंगचं पान, हिरवी पट्टी. लॅक्सने जिथे दार उघडं ठेवलंय नेमकं तिथूनच चोर आत आला. पडवीत बसलेल्या मुलाने बदल केला असता तर तो साध्या फॉर्ममधून केला असता, ओळ 'पोस्ट' निघाली असती आणि 'आलेले ठिकाण' म्हणून काकांचीच साइट दिसली असती. परकी साइट कुठून येईल तिथे? मुलगा ते मुद्दाम घडवून आणू शकतो का? शकतो. पण ज्याला चोरी करायची तो आधी स्वतःच लॉग साठवायची खूण करेल?

रात्री प्लगिनचा कोड वाचला. सेव्हची तपासणी दोन ओळींची आहे. पहिली ओळ विचारते, या माणसाला सेटिंग बदलायचा अधिकार आहे का. तो आहेच की, मालक आहे तो! दुसरी ओळ माहिती उचलते, आणि उचलताना ती फॉर्ममधून आली की पत्त्यातून, हे बघतच नाही, वर्डप्रेस ज्या भाषेत लिहिलंय त्या पीएचपीच्या 'रिक्वेस्ट' नावाच्या सामायिक टोपलीतून घेते. शिक्क्याचा पत्ताच नाही. लेखकाने अधिकार तपासला, इरादा नाही. याची उलटी चूकही मी पाहिलीय, शिक्का तपासतात आणि अधिकार विसरतात, मग साधा सदस्यसुद्धा सेटिंग बदलतो. दोन्ही लागतात.

---

संशयात्मा · २९ डिसेंबर, रात्री ११:१०

परक्या साइटचा मुद्दा माझ्या नजरेतून सुटला होता. मुलाबद्दल लिहिलेलं मागे घेतो. 'गेट'वर सेटिंग सेव्ह करणाऱ्याला मात्र दंडवत.

---

रसघावणे · ३० डिसेंबर, सकाळी ८:००

अवांतर प्रश्न: एवढा जुना रोग आहे तर औषध अजून सगळ्यांना कसं मिळालेलं नाही?

---

अर्धविराम · ३० डिसेंबर, सकाळी ११:२५

औषधही जुनंच आहे. सीएसआरएफ हे नाव २००१ साली पीटर वॉटकिन्स यांनी बगट्रॅक या मेलिंग लिस्टवर दिलं. मुळातला विचार त्याहून जुना, नॉर्म हार्डी यांनी १९८८ मध्ये 'गोंधळलेला कारभारी' म्हणून मांडलेला: ज्याच्या हाती अधिकार आहे असा प्रामाणिक कारभारी दुसऱ्याच्या सांगण्यावरून मालकाचा शिक्का मारतो. २००७ मध्ये खुद्द जीमेलमध्ये अशी फट सापडली होती. लॉगिन केलेल्या माणसाने वाईट पान उघडलं की त्याच्या खात्यात गुपचूप फिल्टर तयार व्हायचा आणि मेल दुसरीकडे जायला लागायचे.

वर्डप्रेसमध्ये नॉन्स २००६ पासून आहे. पण तो प्लगिन लिहिणाऱ्याने आठवणीने वापरावा लागतो, आपोआप लागत नाही. शिवाय ओवॅस्प या वेब-सुरक्षेच्या संस्थेच्या पहिल्या दहा धोक्यांच्या यादीतून सीएसआरएफ २०१७ मध्ये वगळला गेला, कारण मोठ्या फ्रेमवर्कमध्ये (साइट बांधायच्या तयार सांगाड्यांत) संरक्षण अंगभूत आलं होतं. ते बरोबरही होतं. पण यादीतून नाव गेलं की शिकवण्यातूनही जातं. आणि अशा फटींना धोक्याच्या गुणांकनात दहापैकी बहुधा ४.३, म्हणजे 'मध्यम' मिळतात, कारण माणसाने लिंक उघडावी लागते. ४.३ वाचून कोणाची झोप उडत नाही. काकांचे साडेएकतीस हजार त्या ४.३ मध्ये कुठेच दिसत नाहीत.

---

पोफळी · ३० डिसेंबर, दुपारी ४:४०

अर्धविराम यांना व्यनि करून विचारलं. माझ्याकडेही तेच प्लगिन निघालं. 😐 काढून टाकलं. आता बुकिंग फोनवर, आयडी व्हॉट्सॲपवर पाठवते आणि सोबत लिहिते, "नाव अमुक दिसलं नाही तर पैसे पाठवू नका."

दुसऱ्या कोणाला उपयोग होईल म्हणून: मी लॉगिन करताना 'रिमेंबर मी'वर खूण करायचे. ती केली की वर्डप्रेस १४ दिवस आत ठेवतं, नाही केली तर दोन दिवस. आता साइटचं काम वेगळ्या ब्राउझरमध्ये करते, संपलं की लॉगआउट. मेल आणि चौकशीच्या लिंका दुसऱ्या ब्राउझरमध्ये. त्याला माझ्या साइटची कुकीच माहीत नाही, तर तो देणार काय कप्पाळ.

---

बागायतदार_देवगड · ३० डिसेंबर, संध्याकाळी ७:२२

ह्या बरा सांगलास बाय. दोन ब्राउझर. एक घरातलो, एक बाजारातलो.

---

अर्धविराम · ३ जानेवारी, दुपारी १२:१०

अपडेट. लेखकाला ३० तारखेलाच कळवलं, उत्तर नाही. प्लगिनचं शेवटचं अपडेट बरंच जुनं आहे, बहुधा सोडून दिलंय. वर्डप्रेसच्या प्लगिन टीमला पुराव्यासह लिहिलं होतं, आज डिरेक्टरीत ते 'बंद' दिसतंय, नवीन कोणाला उतरवता येणार नाही.

पण ज्यांच्याकडे ते आधीच बसवलेलं आहे त्यांच्या डॅशबोर्डवर याची काही सूचना येत नाही. ते चालत राहतं. त्यामुळे ज्यांना शंका आहे त्यांनी आपल्या एकेका प्लगिनचं डिरेक्टरीतलं पान उघडून बघा. वर्ष-वर्ष अपडेट नसलेलं आणि पैशांशी संबंध असलेलं काहीही असेल तर ते काढा.

आणि कर्ली_काठ, ती लॉगची फाइल पुसू नका. तक्रारीला जोडा. त्यात चोराचा आयडी वेळेसकट आहे. 'पोस्ट' असती तर ते लॉगमध्ये उतरलंच नसतं. त्याने आळस केला म्हणून पुरावा राहिला.

---

कर्ली_काठ · ४ जानेवारी, रात्री ९:५०

फाइल जोडली. आठ हजारांपैकी काही रक्कम समोरच्या खात्यात गोठली आहे असं पुण्याच्या पाहुण्यांच्या बँकेने त्यांना कळवलंय. बाकीचं अजून काही नाही.

परवा मुलाच्या घरी गेलो होतो. हा धागा त्याला फोनवर वाचून दाखवला, वाण्याच्या गोष्टीपासून. त्याची आई चुलीपाशी बसून ऐकत होती. त्याने सगळं ऐकून एवढंच विचारलं, "टाइमझोन यूटीसी ठेवला ही माझीच चूक ना, काका?" मला काय बोलावं कळेना.

---

रसघावणे · ४ जानेवारी, रात्री १०:०३

चहा घेतला का त्याने?

---

कर्ली_काठ · ४ जानेवारी, रात्री १०:११

त्याच्याच घरी होतो, मलाच दिला. आमच्याकडे अजून आलेला नाही. मोहोरावर फवारणी चाललीय त्यांची, म्हणाला रविवारी येतो. साइटवर दोन वेगळी खाती करायची आहेत, त्याचं त्याच्या नावाने, माझं माझ्या.